अतिवृष्टीचं अनुदान "जमा" दाखवतंय पण खात्यात नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमचं गाव सीनाकाठी, सप्टेंबर २०२५ च्या पुरात सोयाबीन पाण्याखाली गेलं, उभं पीक कुजलं, दाण्यांना शेंगेतच मोड फुटलेले. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक तिघं येऊन पंचनामा करून गेले, यादीत आबांचं (वडील) नाव आलं, केवायसीला लागतो तो विशिष्ट क्रमांक पण मिळाला.

मग केवायसीची गंमत. आबांचा अंगठाच लागेना, सगळं आयुष्य खुरपं न् खोऱ्यात गेलंय, रेषा राहिल्यात कुठं. सेवा केंद्रवाल्याने दहाही बोटं पुसून पुसून बघितली, शेवटी डोळ्याच्या मशीनवर झालं एकदाचं.

आता स्टेटसला पैसे जमा दाखवतंय, पण आबा जिल्हा बँकेचं पासबुक दोनदा भरून आले, एंट्रीच नाही. बँकवाले म्हणतात तहसीलला विचारा, तहसीलवाले म्हणतात बँकेत विचारा. मी चाकणला कंपनीत, सारखी सुट्टी मिळत नाही. कुणाला असा अनुभव आहे का? पैसे गेले कुठं?

प्रतिसाद १
पासबुक कुठलं दिलं होतं ते विसरा. डीबीटीचा (सरकारकडून थेट खात्यात येणारा) पैसा आधारला जी बँक शेवटची जोडलीय तिथंच जातो. आधारच्या साईटवर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस (आधारला कुठली बँक जोडलीय ते) बघा, ओटीपी आबांच्या मोबाईलवर येईल. आमच्या मावशीचे जुन्या जनधन खात्यात सापडले, तिला खातं आहे हेच आठवत नव्हतं.

धागाकर्ता
भाऊ तुमचे लई उपकार!! आबांनी मागं सिम घेतलं तेव्हा दुकानदाराने अंगठा घेऊन पेमेंट बँकेचं खातं उघडलेलं, तिथंच पडलेत. पण आता नवीनच लफडं, फक्त १,७०० रुपये आलेत. सातबाऱ्यावर १ हेक्टर २० आर आहे, सगळं कोरडवाहू. हेक्टरी ८,५०० ने १०,२०० व्हायला पाहिजेत ना? का बाकीचे नंतर येणार?

प्रतिसाद २
१,७०० म्हणजे बरोबर २० आरचे (१०० आरचा एक हेक्टर). यादी चढवताना १.२० चं ०.२० झालंय, पुढचा एक खाल्ला. बाकीचे आपोआप येतील म्हणून बसू नका. आधी तलाठ्याकडं जाऊन यादीतलं क्षेत्र डोळ्यांनी बघा, मग तहसीलदारांच्या नावे क्षेत्र दुरुस्तीचा अर्ज द्या, सोबत सातबारा, आठ अ (खातेउतारा) आणि ई-पीक पाहणी (मोबाईल ॲपवर पिकाची नोंद) केली असेल तर तिची नोंद जोडा. अर्ज तहसीलच्या आवक-जावकला (टपाल घेणाऱ्या टेबलाला) देऊन झेरॉक्सवर शिक्का घ्यायचा, नुसता टेबलावर ठेवून यायचा नाही.

आणि ऑक्टोबरच्या ३१,६२८ कोटींच्या पॅकेजमध्ये रब्बीच्या बी-बियाण्याला हेक्टरी १०,००० वेगळे होते, तेही २० आरवरच निघाले असतील तर अजून मोठा फटका. अर्जात दोन्हींचा उल्लेख करा.

धागाकर्ता
अरे हो, ते रब्बीचं डोक्यातच नव्हतं. शनिवारी गावी जाणारच होतो, पण सुट्टीच्या दिवशी आवक-जावकला कोण भेटणार, म्हणजे परत सोमवारची रजा. अर्जावर आबांचीच सही लागेल का मी केली तर चालेल? त्यांना एसटीने तालुक्याला नेणं म्हणजे गुडघ्यांचे हाल.

प्रतिसाद २
सही/अंगठा त्यांचाच, खातेदार ते आहेत. घरीच घ्या, द्यायला तुम्ही जा.