ऑपेरावाले पॉपकडे वळले की बिघडतं काय?

प्रश्न: १९९० च्या फुटबॉल वर्ल्डकपच्या वेळी इटालियन ऑपेरागायक पावारोत्तींचं ‘नेस्सुन दोर्मा’ हे ऑपेरातलं गाणं ब्रिटनच्या पॉप चार्टवर दुसऱ्या क्रमांकावर गेलं. मग जाणकार क्रॉसओव्हरवर, म्हणजे ऑपेरावाल्यांच्या या पॉप-वळणावर, नाक का मुरडतात?

उत्तर १: माइकमुळे. ऑपेरात तो नसतो. ३००० हर्ट्झच्या आसपास आवाजाला धार येते, तिच्यावरच आवाज ऑर्केस्ट्रा भेदून शेवटच्या रांगेपर्यंत जातो. माइकपाशी कुजबुजायची सवय लागली की श्वासाचा आधार ढिला पडतो.

उत्तर २: ‘नेस्सुन दोर्मा’तला शेवटचा शब्द, ‘विन्चेरो’, ऐका. संगीतकार पुच्चिनीने वरचा ‘बी’ सूर जेमतेम पाव मात्रेचा लिहिलाय, लांब सूर पुढचा ‘ए’. टाळ्यांसाठी ‘बी’च ताणतात! बरेच क्रॉसओव्हरवाले तर अख्खं गाणं खालच्या पट्टीत उतरवतात.

उत्तर ३: पावारोत्तींना त्यांत धरू नका. रोमच्या काराकाल्ला या प्राचीन स्नानगृहाच्या अवशेषांत, ७ जुलै १९९० च्या मैफिलीत, माइक होते, पण पट्टी मूळचीच. समोर ऑर्केस्ट्राचं संचालन करायला आपले मुंबईचे झुबिन मेहता.