जळगावातील खोल्या, गाळे आणि गोदाम : भाड्याच्या व्यवहारासाठी सॉफ्टवेअर निवडताना काय पाहावे?

गिरणाकाठ (जळगाव)

नमस्कार. आमच्या वडिलांनी ३५ वर्षे सांभाळलेला भाड्याचा व्यवहार गेल्या दिवाळीपासून माझ्याकडे आला आहे आणि तो आता लाल वहीतून संगणकावर आणावा, असे आम्ही भावंडांनी ठरवले आहे. महाविद्यालयाच्या परिसरातील एका इमारतीत आमच्या १२ खोल्या आहेत. तेथे विद्यार्थी आणि एमआयडीसीत नोकरी करणारी मुले राहतात आणि प्रत्येक खोलीचे भाडे यंदाच ५,५०० वरून ६,००० रुपये केले आहे. बाजारपेठेत ५ गाळे आहेत. त्यांपैकी एक गाळा एका कंपनीकडे महिना ६०,००० रुपयांनी आहे, तिघांचे भाडे प्रत्येकी १२,००० रुपये आहे आणि कोपऱ्यातल्या गाळ्यात आजोबांच्या काळापासूनचे भाडेकरू असून ते आजही महिना ६०० रुपये देतात. हे सर्व आईच्या नावावर आहे. याखेरीज धुळे रस्त्यावर एक गोदाम आहे. ते आम्हा तिघा भावंडांच्या समान हिश्श्याचे असून त्याचे भाडे वर्षातून एकदा, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) येते.

वडिलांच्या वहीत प्रत्येक भाडेकरूला स्वतंत्र पान होते. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, आणि समासात बारीक अक्षरात ‘मीटर ४१२०, नवा नळ बसवला’ किंवा ‘वडील रुग्णालयात, पुढील महिन्यात दोन्ही देईल’ अशा नोंदी असत. भांडण म्हणून कधी झाले नाही, त्याचे बरेचसे कारण त्या समासात होते, असे मला वाटते. मी दोन-तीन परदेशी आणि काही भारतीय सॉफ्टवेअरची माहिती वाचली. सगळीकडे भाड्याची आठवण पाठवणे आणि ऑनलाइन वसुली यांवरच भर दिसतो. राहण्याच्या खोल्या आणि व्यापारी गाळे एकाच ठिकाणी सांभाळायचे असतील, भाऊ पुण्यात आणि बहीण सुरतेत असल्याने त्यांनाही हिशेब पाहता यायला हवा असेल, आणि पूर्णवेळ मुनीम ठेवणे परवडणारे नसेल, तर निवड करताना नेमके काय तपासावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

पांझरातीर (धुळे)

ताई, माझे ९ गाळे आहेत आणि या बाबतीत मी दोनदा ठेच खाल्लेली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट आपली माहिती परत मिळण्याची. मी एका कंपनीचे मोबाइलवरचे सॉफ्टवेअर वार्षिक वर्गणी भरून घेतले होते. दोन वर्षे ते उत्तम चालले. तिसऱ्या वर्षी वर्गणी दुपटीहून अधिक झाली, तेव्हा मी नूतनीकरण न करता माझी खाती मागितली. मला फक्त पावत्यांच्या पीडीएफ मिळाल्या, एकेक सुटी, एकूण २१६. बेरीज करता येईल असा एकही तक्ता नव्हता. मुलीला घेऊन मी त्या सर्व पावत्या पुन्हा टंकित केल्या आणि त्यात दिवाळीची सुट्टी संपली. म्हणून सांगतो, चाचणीच्या काळात पहिल्याच दिवशी दोन खोटे भाडेकरू घाला, त्यांच्या नावे चार नोंदी करा आणि सगळी माहिती एक्सेलमध्ये बाहेर काढून पाहा. त्या फाइलमध्ये अनामत, करारांच्या तारखा आणि आपण म्हणता त्या समासातल्या नोंदी आल्या नाहीत, तर ते सॉफ्टवेअर कितीही देखणे असले तरी सोडून द्या.

दुसरी चूक अधिक महागात पडली. एका गाळ्याचा लिव्ह अँड लायसन्स (जागा वापरण्याच्या परवान्याचा) करार मार्चअखेर संपला. मी गावी होतो, लक्ष राहिले नाही. सॉफ्टवेअर मात्र दर महिन्याच्या १ तारखेला बिल काढत राहिले आणि पैसे येताच ‘भाडे मिळाले, धन्यवाद’ अशी पावतीही आपोआप पाठवत राहिले. गाळा रिकामा करण्याविषयी बोललो, तेव्हा समोरच्याने त्या पाच पावत्या माझ्यापुढे ठेवल्या आणि मुदत संपल्यावरही मालकाने भाडे स्वीकारले, म्हणजे माझा ताबा चालू राहण्यास त्याची संमती होती, असे तो म्हणू लागला. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ११६ भाडेपट्ट्यासंबंधी अशाच परिस्थितीविषयी आहे. आमचा कागद परवान्याचा होता, पट्ट्याचा नव्हे, एवढ्यावर माझी बाजू टिकली, तरी वकिलाची पायरी चढावीच लागली.

येथे राहण्याची जागा आणि व्यापारी जागा यांत मोठा फरक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार मुदत संपलेला परवानाधारक जागा सोडत नसेल, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते, परंतु ही सोय राहण्यासाठी दिलेल्या जागेपुरतीच आहे. गाळ्यासाठी आपल्याला दिवाणी दाव्याच्याच वाटेने जावे लागते. त्यामुळे गाळ्यांचे सॉफ्टवेअर निवडताना माझा पहिला प्रश्न वसुलीविषयी नसतो. करार संपण्याच्या ९० दिवस आधी ते मला सांगते का, आणि मुदत संपताच बिल काढणे थांबवून माझ्या निर्णयाची वाट पाहते का, हे मी विचारतो.

करार ११ महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, हा समज आपल्याकडे अजून पक्का आहे. वरील अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, मग मुदत कितीही असो. जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदणी केलेली नसेल तर अटींविषयी भाडेकरूचेच म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. तेव्हा दस्त क्रमांक आणि नोंदणीची तारीख यांसाठी सॉफ्टवेअरमध्ये स्वतंत्र रकाना हवाच.

हिशेबनीस (भुसावळ)

मी २० वर्षे दुकानदारांची आणि घरमालकांची खाती लिहितो आहे. पांझरातीर भाऊंनी कराराची बाजू मांडली, मी हिशेबाची मांडतो. आधी एक बेरीज, कारण ताई, आपल्या प्रश्नात मला ती ठळक दिसली. १२ खोल्यांचे वर्षाचे ८,६४,००० रुपये, कंपनीच्या गाळ्याचे ७,२०,०००, तीन गाळ्यांचे ४,३२,००० आणि जुन्या गाळ्याचे ७,२००, मिळून २०,२३,२०० रुपये होतात आणि हे सर्व आईंच्या एकाच पॅनवर आहे. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाखांची आहे. राहण्यासाठी दिलेल्या खोल्यांच्या भाड्यावर कर लागत नाही, हे खरे, परंतु मर्यादा ओलांडली की नाही हे पाहताना करमाफ उलाढालही मोजावी लागते. मागील वर्षी खोलीचे भाडे ५,५०० असताना ही बेरीज १९,५१,२०० होती. यंदाच्या वाढीने ती मर्यादेच्या पलीकडे जाते. मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांत नोंदणीसाठी अर्ज करायचा असतो, म्हणून सॉफ्टवेअरच्या आधी सीएंची भेट घ्यावी. जे सॉफ्टवेअर घर आणि गाळे यांचे अहवाल वेगवेगळे दाखवते, पण मालकाच्या पॅनप्रमाणे एकत्र बेरीज दाखवत नाही, ते आपल्या कामाचे नाही.

आता कंपनीच्या गाळ्याचे एक बिल जवळून पाहू. नोंदणी झाल्यावर आईंनी ६०,००० रुपयांवर १८ टक्के म्हणजे १०,८०० रुपये जीएसटी लावून ७०,८०० चे बिल दिले. महिना ५०,००० रुपयांपेक्षा अधिक भाडे असल्याने कंपनी १० टक्के टीडीएस (भाडे देतानाच कापायचा आयकर) कापणार, तोही जीएसटी सोडून मूळ भाड्यावर, म्हणजे ६,००० रुपये. बँकेत येणार ६४,८००. हिशेब पूर्ण मिटला आहे, तरी साधे भाड्याचे सॉफ्टवेअर ६,००० रुपये थकबाकी दाखवत राहते आणि वर्षअखेरीस ७२,००० थकले म्हणून भल्या भाडेकरूला आठवणीचे संदेश पाठवते. हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. टीडीएसची रक्कम भाडेकरूच्या खात्यातून निघून ‘टीडीएस येणे’ या खात्यात जायला हवी आणि पुढे आयकर विभागाकडे दिसणाऱ्या कापलेल्या कराच्या विवरणाशी ताडून पाहता यायला हवी.

आज, जीएसटी नोंदणी होईपर्यंत, हाच गाळा वेगळा वागतो. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या मालकाची व्यापारी जागा नोंदणीकृत भाडेकरूने घेतली असेल, तर कर भाडेकरूनेच रिव्हर्स चार्जने, म्हणजे मालकाऐवजी स्वतः थेट सरकारकडे, भरायचा असतो. म्हणजे आज आपल्या बिलात जीएसटी येताच कामा नये. कराची पद्धत एखाद्या तारखेपासून बदलता येते आणि जुनी बिले तशीच राहतात, एवढे सॉफ्टवेअरला जमले पाहिजे.

बिल्डियम, ॲपफोलिओ ही सॉफ्टवेअर चांगली आहेत, पण ती अमेरिकेतील कायदा, तेथील बँका आणि भाडेकरूंची तेथील पतनोंद गृहीत धरून बांधलेली आहेत. यार्डी मोठ्या कंपन्यांच्या कामाचे आहे. १७ जागांसाठी त्या वाटेला जाऊ नये. माझा कल टॅली प्राईम किंवा झोहो बुक्सकडे आहे. टॅलीत प्रत्येक खोली आणि गाळ्याला कॉस्ट सेंटर (जमाखर्चाचा स्वतंत्र गट) करता येते, बिलवार थकबाकी निघते, माहिती आपल्याच संगणकावर राहते आणि जळगावात टॅली येणारा माणूस सहज मिळतो. झोहो बुक्समध्ये दरमहा आपोआप बिल निघते आणि पुण्याच्या भावाला किंवा सुरतेच्या बहिणीला फक्त पाहण्यापुरता प्रवेश देता येतो. दोन्ही हिशेबाची सॉफ्टवेअर आहेत, मालमत्तेची नव्हेत. मुदती, अनामत आणि मीटरचे आकडे वेगळ्या तक्त्यात ठेवावे लागतील, हे समजूनच घ्यावीत. ईआरपीनेक्स्ट मुक्त स्रोत असून त्यात हे सर्व एकत्र करता येते, मात्र ते बसवून देणारा आणि पुढेही सांभाळणारा जाणकार हाताशी हवा.

सातपुड्याच्या पायथ्याशी (शहादा)

दोनच अनुभव जोडतो. माझे नंदुरबारचे गोदाम सुरतेच्या एका व्यापाऱ्याकडे आहे. सॉफ्टवेअरने त्यांचा पत्ता गुजरातचा पाहून आपोआप आयजीएसटी (दोन राज्यांमधील व्यवहाराचा जीएसटी) लावला. स्थावर मालमत्तेच्या बाबतीत जागा जेथे आहे तेच पुरवठ्याचे ठिकाण धरले जाते, म्हणून महाराष्ट्रातल्या व्यवहाराचा सीजीएसटी आणि एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा वाटा) लागायला हवा होता. चार बिले दुरुस्त करावी लागली. गुजरात सीमेजवळच्या आपल्या भागात असे भाडेकरू पुष्कळ, तेव्हा पुरवठ्याचे ठिकाण हाताने बदलता येते का, ते पाहा.

दुसरे, खोल्यांमधल्या मुलांविषयी. तेथे करापेक्षा खोली सोडण्याचा दिवस महत्त्वाचा असतो. मुलगा जूनमध्ये खोली सोडतो आणि महावितरणचे बिल जुलैत येते. आम्ही आत येताना आणि जाताना सब-मीटरच्या आकड्याचा फोटो काढतो, भिंती आणि नळ यांचेही फोटो त्याच तारखेला जोडतो, आणि अनामतीतून काय कापले ते त्याच्यासमोर लिहून सही घेतो. ज्या सॉफ्टवेअरमध्ये भाडेकरूच्या खात्याला फोटो जोडता येत नाहीत, ते खोल्यांसाठी अपुरे आहे. ओळखपत्र घेताना आधारची पूर्ण प्रत साठवू नका. शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क्ड आधार मुलांना सहज काढता येते. कोणाच्या लेकराची कागदपत्रे आपल्याकडून बाहेर जाऊ नयेत, ही आपली जबाबदारी आहे.

गिरणाकाठ (जळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. हिशेबनीस काका, ती बेरीज वाचून मी रात्रीच वही काढली. खोल्या आणि गाळे वेगवेगळ्या वह्यांत असल्याने दोन्ही आकडे आजवर कधी एका कागदावर आलेच नव्हते. आईची जीएसटी नोंदणी नाही. सीएंची वेळ परवाची घेतली आहे.

पांझरातीर दादांनी सांगितल्याप्रमाणे दोन सॉफ्टवेअरवर चाचणी केली. एकातून तक्ता निघाला, पण अनामतीचा रकाना रिकामा आला, म्हणून ते बाजूला ठेवले. आणखी एक अडचण अशी निघाली की, गोदामाचे भाडे आखाजीला येते आणि आखाजी २०२४ मध्ये १० मे रोजी होती, तर २०२५ मध्ये ३० एप्रिलला. सॉफ्टवेअर मात्र दरवर्षी एकच तारीख मागते. शिवाय ती रक्कम तिघांत समान वाटून प्रत्येकाच्या उत्पन्नात दाखवायची आहे. आणि कोपऱ्यातल्या गाळ्याचे ६०० रुपये वाढवता येतात का?

हिशेबनीस (भुसावळ)

गोदामासाठी आपोआप बिलाची सोय वापरूच नये. वर्षातून एकच बिल आहे, ते आखाजीच्या आठवड्यात हाताने काढा आणि तिघांच्या नावे तीन वेगवेगळी करा, म्हणजे प्रत्येकाचे उत्पन्न आपापल्या पॅनवर स्वच्छ राहील. जुन्या गाळ्याला भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ११ प्रमाणे वर्षाला ४ टक्के वाढ मिळू शकते, म्हणजे ६०० चे ६२४. रक्कम लहान आहे, पण वाढ लेखी कळवा, पावती दर महिन्याला द्या आणि त्या भाडेकरूला इतर गाळ्यांच्या गटात टाकू नका. एकत्र वाढ लावताना चुकून त्यांनाही इतरांच्या करारातली, समजा १० टक्के, वाढ लागते आणि जुने संबंध विनाकारण बिघडतात.

गिरणाकाठ (जळगाव)

समजले. १ एप्रिलच्या आरंभीच्या शिलकेपासून टॅलीत सुरुवात करते आणि मुदती, मीटर व अनामत यांचा तक्ता गूगल शीट्समध्ये ठेवते, म्हणजे भावाबहिणीला तो फोनवरही दिसेल. आधी तीनच पाने घेणार आहे : खोली क्रमांक ४, कंपनीचा गाळा आणि कोपऱ्यातला गाळा. तीन महिने वही आणि संगणक दोन्ही चालू ठेवते. तक्त्यातल्या शेवटच्या रकान्याला ‘समास’ असेच नाव दिले असून वडिलांच्या नोंदी त्यात शब्दशः उतरवून घ्यायला आजपासून बसले आहे.