प्रतिकारपेशींचा ‘चयापचय’ म्हणावे का?

अनुवादिका: फॅटी लिव्हरवरील माहितीपत्रक मराठीत आणताना एका वाक्यापाशी अडले आहे. यकृतात मेद साचला की तिथल्या रोगप्रतिकारक पेशींची इंधन वापरण्याची रीत पालटते आणि त्यामुळे दाह वाढतो, असा मूळ आशय आहे. मी ‘प्रतिकारपेशींचा चयापचय बदलतो’ असे लिहिले, तेव्हा मजकूर तपासणाऱ्या डॉक्टरांनी वाचक तो रुग्णाच्या शरीराचाच चयापचय समजतील असा आक्षेप घेतला. २०२३ साली या आजाराच्या नव्या इंग्रजी नावातही चयापचयातील बिघाड आल्यामुळे घोटाळा वाढतो. ‘ऊर्जाप्रक्रिया’ चालेल का?

जीवरसायन: आक्षेप रास्त आहे, पण ‘ऊर्जाप्रक्रिया’ अपुरा पडेल. यकृतातच राहणाऱ्या कुफर पेशी आणि रक्तातून तिथे येणाऱ्या भक्षकपेशी (दोन्ही जंतू व मृत पेशी गिळणाऱ्या प्रतिकारपेशी) दाहासाठी चेतवल्या गेल्या की ऑक्सिजन उपलब्ध असतानाही ग्लुकोजच्या झटपट विघटनावर भर देतात. त्या वेळी पेशीत साचणारे सक्सिनेट इंटरल्युकिन-१ बीटा या दाहकारक प्रथिनाची निर्मिती वाढवते. म्हणजे इंधनाच्या वाटेवरचा रेणूच आज्ञा देऊ लागतो. दुरुस्तीकडे वळलेल्या पेशी तंतुकणिकांमध्ये, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागांमध्ये, मेदाम्ले जाळण्यावर अधिक विसंबतात, मात्र प्रयोगशाळेत दिसणारी ही सरळ विभागणी प्रत्यक्ष यकृतात इतकी स्वच्छ नसते. म्हणून ‘पेशींचा अंतर्गत चयापचय’ लिहावे.

पदच्छेद: ‘चय’ म्हणजे साठवण आणि ‘अपचय’ म्हणजे झीज, तेव्हा हा शब्द मुळीच सोडू नये. माझी हरकत ‘पेशी’ला आहे. संस्कृतात पेशी म्हणजे स्नायू. इथे ‘कोशिका’च हवी.

सह्याद्री: महाराष्ट्रातली मुले शाळेपासून ‘पेशी’च शिकतात, आणि रुग्णासाठीच्या पत्रकात व्युत्पत्तीपेक्षा ही ओळख मोलाची आहे. माझी आजी यकृताला ‘काळीज’ म्हणत असे. मटणाच्या दुकानात आजही ‘कलेजी’ म्हणजे यकृतच, तरी बोलीतले काळीज हृदयाकडे गेलेच ना?

पदच्छेद: आजींचा शब्द जुन्या अर्थाला धरून होता. अमरकोशात यकृताला ‘कालखंड’ म्हटले आहे आणि ‘काळीज’ त्याच कुळातले असावे, असे माझे मत आहे. जुने अर्थ टिकवता येतात, एवढेच मी म्हणतो.

रुग्णसेवा: मला ‘दाह’ अधिक खटकतो. दाह म्हटले की रुग्णाला छातीतली जळजळ आठवते, आणि या आजारात बहुधा बराच काळ काहीच जाणवत नाही. त्यामुळे जळजळ नाही म्हणजे आजार नाही, असा घातक समज होऊ शकतो. ‘सूज’ लिहावे.

जीवरसायन: सूज म्हटल्यास केवळ यकृताचा आकार वाढल्याचे वाटेल. दाह लांबला तर यकृतात व्रणासारखे तंतू वाढतात. तो धोका ‘सूज’ या शब्दातून पोहोचत नाही.

अनुवादिका: मग ‘प्रतिकारपेशी स्वतः इंधन वापरण्याची पद्धत बदलतात’ असे सोपे वाक्य ठेवू का?

पदच्छेद: ठेवावे, पण ‘प्रतिकारकोशिका’ लिहून.

सह्याद्री: तो शब्द वाचून माझ्या गावातला एकही रुग्ण पुढची ओळ वाचणार नाही.