मेल सर्व्हर सुरू व्हायला वेळ लावतो तेव्हा: तुमचे अनुभव सांगा

काल ऑफिसात नव्या मुलीने मेल सर्व्हर रीस्टार्ट केला. 'स्टार्टिंग सेंडमेल' (सेंडमेल म्हणजे मेल पाठवणारा प्रोग्रॅम) अशी ओळ आली आणि सगळं थांबलं. तिचा चेहरा पांढराफटक. "सर, माझ्याकडून काही बिघडलं का?" म्हटलं, घड्याळ बघ, कशाला हात लावू नकोस. बरोब्बर एका मिनिटाने गाडी पुढे सरकली, आणि मला माझी वीस वर्षांपूर्वीची रात्र आठवली.

तेव्हा सर्व्हरचा आयपी पत्ता बदलताना होस्ट्स फाइलमधली (कुठल्या नावाचा कुठला पत्ता ते लिहिलेली फाइल) जुनी ओळ मी उडवली होती. रीबूट केला तर सेंडमेलवर मिनिटभर अडला, मग त्याच्या क्लायंटवर (सेंडमेलचाच रांग सांभाळणारा दुसरा भाग) आणखी मिनिटभर. डिस्क गेली असं धरून मी पहाटेपर्यंत डिस्कच तपासत बसलो. शेवटी लॉग उघडला. त्यात सरळ लिहिलेलं: 'माय अनक्वालिफाइड होस्ट नेम अननोन, स्लीपिंग फॉर रिट्राय'. मशीनला स्वतःचं पूर्ण नाव सापडत नव्हतं, म्हणून ते ६० सेकंद झोपून पुन्हा विचारत होतं. आधी आयपी, मग टिंबांसकट पूर्ण नाव, मग छोटं नाव, अशी एक ओळ घातली आणि सुटलं.

तेव्हापासून मी आधी सीपीयू बघतो. तो शांत असेल तर सर्व्हर कुणाच्या तरी उत्तराची वाट बघतोय. आणि किती सेकंद थांबला ते मोजतो, त्यावरून निम्मा माग लागतो. तुमच्याकडे काय झालं होतं? लिहा.

पिंपळपान
आमचं डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) त्याच मशीनवर!! मेल आधी उठायचा, डीएनएस चालवणारं बाइंड नंतर. नाव विचारणारा रिझॉल्व्हर ५ सेकंद थांबणार, परत विचारणार, परत ५. प्रत्येक नावाला हेच. क्रम बदलला आणि संपलं. दोन महिने गेले त्यात.

दिवेलागण
मुलाला झोपवता झोपवता लिहितेय, चुका पोटात घाला. आमच्याकडे उलट होतं, सीपीयू आणि डिस्क दोन्ही पेटलेले. क्लॅमएव्ही, मेलमधले व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम. व्हायरसच्या ओळखखुणांचा सगळा साठा तो सुरू होतानाच मेमरीत चढवतो, त्याला १ जीबीच्या वर लागते आणि आमच्या व्हीएमला (व्हर्च्युअल मशीनला) दिलेली एकूण १ जीबी. मेमरी संपली की डिस्कवरच्या स्वॅपमध्ये घुसमटायचा, ९० सेकंद झाले की सर्व्हिस सुरू-बंद करणारा सिस्टमडी त्याला मारायचा, की परत पहिल्यापासून. मी टाइमआउट वाढवत राहिले. मेमरी वाढवायला हवी होती. उठला बाळ, येते

कोरा कागद
दिवेलागणताई, बाळाला आधी बघा. सर्व्हर थांबेल.

शून्यप्रहर
दादा, त्या मुलीला तुम्ही ओरडला नाहीत हे वाचून बरं वाटलं. माझ्या पहिल्या नोकरीत अशाच वेळी सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली होती. अजून रीस्टार्टची कमांड दिली की पोटात गोळा येतो.
विषयाबद्दल: विंडोजवर एक्स्चेंज २००७ हा मेल सर्व्हर. सर्व्हरला बाहेरचं इंटरनेट बंद. सर्व्हिस उठताना प्रोग्रॅमच्या सहीचं प्रमाणपत्र रद्द झालंय का ते बाहेर विचारायला जायची, आमची फायरवॉल तिची विनंती गिळून टाकायची. नकार तरी द्यावा ना, लगेच परत आली असती! ३० सेकंदांत उत्तर नाही म्हणून सर्व्हिस 'सुरू होऊ शकली नाही'. हातानं दुसऱ्यांदा सुरू केली की कधी उठायची, कधी नाही.

जुनी सायकल
आयमॅप सर्व्हर (लोकांना त्यांचे मेल वाचायला देणारा) व्हीएमवर हलवला आणि बूटला अडकायला लागला. बघायला म्हणून कन्सोल उघडून दोन-चार कळा दाबल्या की सुरू. योगायोग वाटला. तीनदा तेच झालं. टीएलएससाठी (जोडणी गुप्त ठेवायला) रँडम आकडे हवेत आणि व्हीएममध्ये ना कीबोर्ड ना माउस, कर्नलला ते गोळा कुठून करणार? माझ्या कळा दाबण्यावर सर्व्हर उठत होता. मग कर्नलला ही रँडम सामग्री पुरवणारं हॅवेज्ड बसवलं. लिनक्स ५.६ (२०२०) पासून ते आकडे देणारं /dev/random हे डिव्हाइस एकदा सुरुवातीचं बीज मिळालं की अडत नाही, त्यामुळे नव्या मुलांना ही गंमत माहीतच नसेल.

कोरा कागद
माझा आत्ता, या क्षणी अडकलाय. पोस्टफिक्स मेल सर्व्हर. कुणाला किती वेळ लागला ते दाखवणारी सिस्टमडी-ॲनालाइझ ब्लेम कमांड दिली तर वर नेटवर्क-वेट-ऑनलाइन (नेटवर्क जोडलं जाईपर्यंत थांबणारी सर्व्हिस) दिसतंय. ते बंद करू?

पिंपळपान
थांब, लगेच बंद करू नकोस. ब्लेममध्ये नुसती वाट बघणारेही वर येतात. क्रिटिकल-चेन दे, कोण कुणासाठी थांबलं ते दिसेल. आणि न वापरलेलं दुसरं नेटवर्क कार्ड आहे का? केबल नसलेलं?

कोरा कागद
आहे. रिकामंच.

पिंपळपान
मग ते त्याचीच वाट बघत असणार. त्या कार्डाचं आपोआप जोडणं काढून टाक.

दिवेलागण
झोपला एकदाचा. जुनी सायकल, कळा दाबणारा किस्सा नवऱ्याला वाचून दाखवला. त्याचा विश्वास बसत नाहीये.

कोरा कागद
दोन मिनिटांवरून सहा सेकंद!! पिंपळपान, कुठे आहात तिथून नमस्कार घ्या. आता रांगेत तुंबलेले मेल सोडतो.