मदत हवी आहे: देलेमाँच्या 'काँसेय कोम्युनाल'ला मराठीत काय म्हणावे?

स्वित्झर्लंडमधल्या देलेमाँ शहरावर मराठी लेख लिहितेय. इतिहास झाला: 1289 ची सनद, बाझलच्या बिशपांची सत्ता, 1815 पासून बर्न प्रांतात समावेश, 1979 पासून ज्युरा प्रांताची राजधानी. अडलंय कारभारापाशी.

41 सदस्यांच्या 'काँसेय द व्हील'ला नगरपरिषद म्हटलं. पण पाच जणांचं 'काँसेय कोम्युनाल' प्रत्यक्ष कारभार चालवतं. 'स्थायी समिती' लिहून खोडलं, कारण ती नगरसेवकांतूनच बनते. हे पाचही थेट जनतेतून येतात. 'नगर मंत्रिमंडळ' फारच राज्यस्तरीय वाटतं. महापौर या पाचांतलाच, परिषदेचा अध्यक्ष मात्र वेगळा, त्यामुळे 'नगराध्यक्ष' शब्दानेही घोळ होतो.

मूळ फ्रेंच शब्द एकदा देणारच आहे. पुढे लेखभर वापरता येईल असा, थेट निवडून आलेलं कार्यकारी मंडळ सांगणारा सुटसुटीत मराठी शब्द कोणता?