मदत हवी आहे: १९६७ ची स्टँडर्ड हेराल्ड, पेट्रोलचा काटा भलतंच दाखवतोय

नमस्कार मंडळी,

सासऱ्यांची दोन दारांची हेराल्ड आता माझ्याकडे आहे. मद्रासला तयार झालेली, इटालियन डिझायनर मिशेलोत्तीच्या रेषांची. इंजिन, गिअर, ब्रेक सगळं व्यवस्थित. गाडी पुण्यात असते, पण सासऱ्यांना तिच्यातून एकदा साताऱ्याला घेऊन जायचंय. वय झालंय त्यांचं, म्हणून हे काम लांबवायचं नाहीये. खंबाटकीच्या चढावर टाकी कोरडी पडली तर त्यांना घेऊन रस्त्यावर उभं राहावं लागेल, तेवढं टाळायचंय.

अडचण अशी. टाकी अर्धी असली तरी काटा पाऊण किंवा त्याच्याही वर. पूर्ण भरली की एफ (फुल) ओलांडून कोपऱ्यात टेकतो. टाकी रिकामी करून मोजून पेट्रोल ओतत पाहिलं, म्हणजे फरक नक्की आहे, माझा अंदाज चुकत नाहीये. आणखी एक गोष्ट: ॲक्सिलरेटर दिला की काटा हळूहळू थोडा चढतो, आणि हेडलाइट लावून इंजिन आयडलवर सोडलं की उतरतो. टाकीतलं पेट्रोल तर तेवढंच! खराब रस्त्यावर मधूनच काटा खाली येऊन चक्क बरोबर आकडा दाखवतो, पुन्हा वर जातो.

आतापर्यंत तपासलेलं:

डिकीतल्या टाकीवरचं युनिट, म्हणजे पेट्रोलची पातळी मोजून मीटरला कळवणारा भाग, बाहेर काढलं. फ्लोट पितळी आहे, हलवून पाहिला, आत पेट्रोल शिरलेलं नाही. दांडी तळाशी असताना मल्टिमीटरवर साधारण २४० ओहम, वर उचलली की उतरत उतरत २० च्या आसपास. मध्ये कुठे तुटत नाही. कॉर्कचं गॅस्केट मात्र पार भुगा झालं होतं, ते नवीन कापून बसवलं.

युनिटची हिरवी-काळी वायर सुटी ठेवली की काटा ई (रिकामी) वर. क्षणभर बॉडीला टेकवली की एफच्या पलीकडे. मीटरला येणाऱ्या पोपटी वायरवर स्थिर १२.४ व्होल्ट मिळतात, म्हणजे सप्लाय पोचतोय.

आमच्या वायरिंगवाल्याचं म्हणणं, एखाद्या नव्या गाडीचं युनिट आणि सुटं मीटर लावून टाका. मला ते नकोय. हेराल्डला स्पीडोमीटरच्याच तबकडीत पेट्रोलचा काटा आहे, त्याच्या शेजारी दुसरं मीटर चिकटवायला हात धजत नाही. डॅशबोर्डची लाकडी फळी गेल्या वर्षीच सुताराकडून नव्याने करून घेतलीय, सुंदर झालीय.

रात्री मीटरचा दिवाही लागत नाही, पण तो बल्ब गेला असेल, नंतर बघू. काट्याचं काय करावं?

प्रतिसाद

त्या बल्बपासूनच सुरुवात करा.

तुमचं युनिट ठणठणीत आहे, मीटरही. स्मिथ्सच्या या मीटरमध्ये द्विधातूची पट्टी असते. तिच्याभोवतीची तार तापते, पट्टी वाकते, काटा सरकतो. म्हणून तो सावकाश चालतो. या मीटरला सरासरी १० व्होल्ट लागतात, आणि ते द्यायला मागे एक छोटी पत्र्याची डबी असते, स्टॅबिलायझर. तिच्यातही तशीच पट्टी असते, ती तापून संपर्क जोडत-तोडत राहते. डबी चालू असेल तर पोपटी वायरवर लावलेला टेस्ट लॅम्प उघडझाप करतो. तुमच्याकडे स्थिर १२.४ येतात, हेच दुखणं आहे. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे १० ऐवजी १२.४ म्हणजे दीडपट उष्णता. अर्ध्याचं पाऊण इथे होतंय. ॲक्सिलरेटरवर काटा चढतो तोही याच कारणाने.

आता डबी बिघडलीय की तिला अर्थ (अर्थिंग, गाडीच्या बॉडीशी विजेची जोड) मिळत नाही, एवढंच ठरवायचंय. माझा कौल अर्थला. डबीचा पत्रा हाच तिचा अर्थ, आणि मीटरच्या दिव्याचाही अर्थ मीटरच्या बॉडीतूनच येतो. दोन्ही एकदम गेलेत. फळी लाकडी, म्हणजे तिच्यातून अर्थ मिळायचा प्रश्नच नाही. त्यासाठी मीटरच्या मागच्या स्क्रूखाली एक काळी वायर असते. फळी काढताना ती सुटली असणार आणि मागे लोंबत असेल. खडबडीत रस्त्यावर अधूनमधून काटा बरोबर येतो, कारण स्पीडोमीटरच्या केबलचं धातूचं आवरण गिअरबॉक्सपर्यंत जातं, त्यातून मधूनच अर्थ मिळतो.

बॅटरीची वायर काढून मगच फळीच्या मागे हात घाला. रंग खरवडून स्वच्छ पत्र्यावर लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) घट्ट आवळा. नवं युनिट घेऊ नका, घ्यावंच लागलं तर ओहम जुळवून घ्या. जुन्या काही मीटरांत हिशेब उलटा असतो, वायर अर्थला लावली की ई.

धागाकर्ता

मनापासून आभार! काळी वायर हीटरच्या पाइपमागे अडकून बसली होती, टोकाचं लग हिरवं पडलेलं. नवीन लग लावून मीटरच्या स्क्रूखाली घेतली. दिवा लागला, आणि टेस्ट लॅम्प तुम्ही म्हणालात तसा उघडझाप करायला लागला. काटा दोन-तीन मिनिटांत अर्ध्यावर येऊन थांबला. टाकीत अर्धंच आहे.

एकच विचारतो. तापकीर गल्लीत ७८१० ची, म्हणजे स्थिर १० व्होल्ट देणारी, आयसी मिळते, ती डबीच्या आत बसवून घेऊ का, की जुनीच राहू दे?

प्रतिसाद

जुनी चालतेय तोवर तीच ठेवा, फक्त पूर्वी जशी उभी होती तशीच उभी बसवा, आडवी झाली की आकडा बदलतो. आयसी आणून गाडीत ठेवून द्या. पुढे बसवाल तेव्हा तिचा पत्रा अर्थला जोडलेला असतो हे लक्षात ठेवा, म्हणजे डबीला थेट स्क्रू केली तरी चालेल. आणि साताऱ्याला निघण्याआधी ते नवीन गॅस्केट एकदा बोट फिरवून बघा, ओलसर लागलं तर टाकी भरू नका. आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये कॉर्क फार टिकत नाही.