लुत्सू, फाल्कुशा, त्रेखान्दिरी: मराठीत काय लिहावं?

प्रश्न

माल्टावरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय. त्यात मार्साश्लोक बंदरातल्या रंगीत होड्यांचं लांबलचक वर्णन आहे. या होडीला तिथं लुत्सू म्हणतात. मी आधी ‘मचवा’ लिहिलं, मग खोडून ‘पडाव’ केलं, दोन्ही पटेना. शिवाय ‘हल’ (इंग्रजी hull, म्हणजे होडीचं मुख्य अंग) या शब्दाला कोशात ‘सांगाडा’ सापडतो, तोही खटकतोय. जाणकारांनी कृपया सुचवावं.

प्रतिसाद

मचवा नको आणि पडावही नको. हे शब्द वाचले की कोकणचा किनारा डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि लुत्सूची घडण तिच्या समुद्राची आहे. गलबत तर फारच मोठं होईल. ‘होडी’ हा साधा शब्द इथे चपखल बसतो. नाव मात्र मूळचंच ठेवा: ‘लुत्सू ही माल्टाची मासेमारीची होडी’ असं एकदा सांगितलं की पुढे नुसतं लुत्सू पुरे.

‘सांगाडा’ तुम्हाला खटकला ते बरोबरच आहे. सांगाडा म्हणजे कणा आणि त्यावर उभ्या केलेल्या फासळ्या. फळ्या ठोकून, सांधे बुजवून, रंग देऊन जे तयार होतं त्याला सांगाडा कसं म्हणणार? माझ्या मते ‘हल’साठी एकच शब्द सगळीकडे चालवण्याचा हट्ट सोडावा. पाण्याखालच्या भागाबद्दल बोलणं असेल तर ‘बूड’, आकाराबद्दल असेल तर ‘घडण’, कामाबद्दल असेल तर ‘बांधणी’. सपाट बुडाची होडी, निमुळत्या घडणीची होडी हे कुणालाही वाचताक्षणी कळतं. होडीच्या पुढच्या टोकाला आपल्याकडे ‘नाळ’ हा जुना शब्द आहेच, तो जरूर वापरा.

लुत्सूची खरी ओळख तिच्या दोन टोकांत आहे. नाळ निमुळती आणि पिछाडीही निमुळती. भूमध्य समुद्रात लाटा आखूड आणि उभ्या असतात, वारा फिरला की मागून येऊन आदळतात. पिछाडी सपाट फळीची असेल तर लाट तिच्यावर थाप मारते आणि होडी आडवी फिरवू पाहते. निमुळत्या पिछाडीवर तीच लाट दुभंगून दोन बाजूंनी निघून जाते. त्यामुळे हीच घडण साऱ्या किनाऱ्यांवर सापडते: इटलीत गोत्सो, स्पेनच्या कातालोनियात आणि मायोर्कात ल्याऊत, फ्रान्सच्या प्रोव्हान्सात प्वाँत्यू (या नावाचा अर्थच ‘टोकदार’), ग्रीसमध्ये त्रेखान्दिरी. माल्टाचीच कय्यिक मात्र मागून सपाट असते, म्हणून लुत्सू आणि कय्यिक यांची भाषांतरात गल्लत होऊ देऊ नका.

या घडणीला ‘दुतोंडी’ कृपया लिहू नये, मराठीत त्याचा अर्थ वेगळा आणि वाईट आहे. मी ‘दुटोकी होडी’ लिहितो.

नाळेच्या दोन्ही बाजूंना कोरलेले किंवा रंगवलेले डोळे असतात. त्यांना होरस किंवा ओसायरिस या इजिप्ती देवांचे डोळे म्हणतात, आणि लोकसमजूत त्यांचा संबंध थेट फिनिशियन या प्राचीन दर्यावर्दी लोकांशी जोडते. नाळेजवळच्या वरच्या पट्ट्याला तिकडे ‘मिशी’ म्हणतात. तिच्या रंगावरून होडी कुठल्या गावची ते ओळखता यायचं, घरात कुणी गेलं की ती काळी रंगवत. तुमच्या लेखात ‘मिशीचा पट्टा’ अशा अर्थाचं काही असेल तर बिनधास्त ‘मिशी’ लिहा.

आणखी एक प्रतिसाद

दुटोकी शब्द आवडला, पण क्रोएशियाची फाल्कुशा नुसत्या ‘दुटोकी’त मावत नाही. ही व्हिस बेटावरच्या कोमिझा गावाची, साधारण नऊ मीटर लांबीची होडी. तिचं नावच ‘फाल्के’वरून आलं. फाल्के म्हणजे कडेवर बसवायच्या, काढता येणाऱ्या फळ्या. कोमिझाचे कोळी सार्डिन माशांसाठी 42 सागरी मैलांवरच्या पालाग्रुझा बेटावर जायचे. तिथं होड्या ओढायला किनारा थोडाच, म्हणून जो आधी पोचेल त्याला चांगली जागा, निघाल्यापासूनच शर्यत. शीड लावून भर समुद्र कापताना फाल्के चढवायच्या, म्हणजे कड उंच होऊन पाणी आत येत नाही. वारा पडला किंवा जाळी टाकायची वेळ आली की काढून ठेवायच्या. कड खाली आली की वल्ही मारायला आणि जाळं ओढायला सोपं. एकाच बुडावर दोन होड्या! मी तिला ‘सुट्या कडांची होडी’ म्हणेन.

आणि सगळ्याच होड्या दुटोकी नाहीत हेही लक्षात असू द्या. क्रोएशियातल्याच रोविन्य गावची बाताना सपाट बुडाची. तिच्याभोवती उभ्या राहिलेल्या संग्रहालयाच्या उपक्रमाची युनेस्कोने 2016 साली नोंद घेतली.

पहिल्या प्रतिसादकाकडून

‘सुट्या कडांची’ उत्तम. लिंगाबद्दल कुणी विचारलं नाही, तरी सांगतो: ही सगळी नावं मराठीत स्त्रीलिंगी चालवावीत, ‘होडी’च्या आधाराने. ‘ते त्रेखान्दिरी’ ऐकायलाही परकं वाटतं.

काळाबाबत मात्र जपून. लुत्सू वर्तमानकाळात लिहा, डिझेल इंजिन बसवून ती आजही मासेमारीला जाते. त्रेखान्दिरीचं तसं नाही. फासळ्यांचे आकार कागदावर न काढता एकाच साच्यावरून सरकवत उतरवायची ग्रीक सुतारांची जुनी रीत होती. पुढे मासेमारी कमी करण्याच्या युरोपीय योजनेत परवाना परत केला की अनुदान मिळे, पण होडी मोडावी लागे. अशा हजारो लाकडी होड्या यंत्रांखाली चिरडल्या गेल्या. मला हे फार लागतं, कारण मासे वाचवायला परवाना रद्द करणं पुरेसं होतं, लाकूड मोडायची गरज नव्हती. म्हणून ग्रीसबद्दल लिहिताना ‘बांधतात’ आणि ‘बांधत’ यांतलं नेमकं क्रियापद प्रत्येक वाक्यात तपासून घ्या.